वीतभर पाण्याचा प्रश्न

शेकाट्या हा उथळ पाण्यात उभा राहून जगणारा पक्षी आहे. पाठ आणि पंख काळे, मान आणि पोट पांढरे, चोच सरळ, काळी, बारीक, आणि या सगळ्याच्या खाली गुलाबी-लाल रंगाचे दोन पाय. चोचीपासून शेपटीपर्यंतची लांबी साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर आणि वजन पाव किलोच्या आत. पाय मात्र चांगले वीतभर भरतात. शरीराच्या मानाने पायांच्या लांबीत पक्ष्यांमध्ये रोहिताचा, म्हणजे फ्लेमिंगोचा, पहिला क्रमांक लागतो आणि शेकाट्याचा दुसरा. रोहित पाहायला माणसे पहाटे तीनला उठून गाड्या करतात. दुसऱ्या क्रमांकाच्या वाट्याला जे सगळीकडे येते, तेच शेकाट्याच्याही वाट्याला आले आहे.

नराच्या काळ्या पाठीवर हिरवट झाक असते, मादीची पाठ तपकिरीकडे झुकते. डोक्यावर आणि मानेवर काळा रंग किती असावा, याबाबत या पक्ष्यांमध्ये एकमत नाही. कोणाची मान पांढरीशुभ्र, कोणाच्या माथ्यावर काळपट डाग. डोळा लाल असतो. पायाला पुढची तीन बोटे असतात. मागचे बोट नाही, आणि त्यावाचून काही अडलेलेही दिसत नाही.

पायाच्या मध्यावर एक ठळक सांधा दिसतो आणि तो मागच्या बाजूला वाकतो. याचा गुडघा उलटा बसवला आहे, असे पाहणाऱ्याचे पहिले मत होते आणि बहुतेकांचे तेच शेवटपर्यंत टिकते. वास्तविक तो गुडघा नसून घोटा आहे. खरा गुडघा वर, पोटाच्या पिसांत झाकलेला असतो. म्हणजे शेकाट्या जन्मभर चवड्यांवर उभा असतो. तो झोपतोही तसाच, आणि पुष्कळदा एक पाय वर घेऊन. एका पायावर तयार असलेला माणूस उत्साही समजला जातो. एका पायावर उभा असलेला शेकाट्या झोपलेला असतो.

उडताना या पायांचे काय करायचे, हा प्रश्न निसर्गाने फारसा मनावर घेतलेला नाही. ते शेपटीच्या मागे सरळ लांब सोडून दिलेले असतात, ट्रकच्या फाळक्याबाहेर आलेल्या सळ्यांसारखे. फक्त टोकाला लाल फडके बांधावे लागत नाही, कारण मुळात पायच लाल आहेत.

आढळ

अहिल्यानगर, म्हणजे बोलण्यात अजूनही नगर, हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. चौदा तालुके आणि सतरा हजार चौरस किलोमीटरहून अधिक जमीन. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीकडे पाऊस थांबायचे नाव घेत नाही. पूर्वेला आणि दक्षिणेला, पाथर्डी-जामखेड-कर्जतच्या पट्ट्यात, तो यायचे नाव घेत नाही. असा जिल्हा पाणपक्ष्यांनी टाळला असता तर त्यांना दोष देता आला नसता. पण जिल्ह्यात आणि त्याच्या कडेला धरणे आहेत. प्रवरेवर १९२६ सालापासून उभे असलेले भंडारदरा, राहुरीजवळचे मुळा, श्रीगोंद्यातला विसापूर तलाव, आणि दोन मोठे शेजारी. पैठणच्या नाथसागराचा फुगवटा शेवगाव आणि नेवासा तालुक्यांत पसरतो. उजनीचा फुगवटा भीमेच्या काठाने श्रीगोंदा-कर्जतच्या हद्दीला भिडतो.

शेकाट्याच्या दृष्टीने यांतली सगळी धरणे सारखी नाहीत. भंडारदरा देखणे आहे. पण डोंगरात बांधलेल्या धरणाचे पाणी काठापासूनच खोल होत जाते. पर्यटक तिथे जातात, शेकाट्या जात नाही. त्याला जायकवाडी, म्हणजे हाच पैठणचा नाथसागर, आवडते. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. जमीन सपाट असल्यामुळे त्याचे पाणी खोलीऐवजी पसरण्याकडे वळले. अशा जमिनीवर पातळी हातभर उतरली तरी काठ कितीतरी लांब मागे सरकतो आणि मध्ये ओलसर गाळ, डबकी आणि घोटाभर पाणी उरते. १९८६ मध्ये हा जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पक्षी त्याच्या आधीपासून येतच होते; जाहीर झाल्यामुळे माणसांना येता आले.

जायकवाडीची एकूण क्षमता सुमारे १०२ टीएमसी आहे. हे पाणी कोणाचे, यावर नाशिक-नगर एका बाजूला आणि मराठवाडा दुसऱ्या बाजूला, असा वाद गेली कित्येक वर्षे चालू आहे. या पाणीवाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीच्या सूत्रानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी उपयुक्त साठा असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते. त्यामुळे साठा कमी असलेल्या वर्षी नगर जिल्ह्यातले पाणी खाली जाते आणि आवाज वर जातो. आंदोलने होतात, याचिका होतात, दरवाजे उघडतात, पाटाच्या आवर्तनाचा हिशेब नव्याने मांडला जातो. या सगळ्यात शेकाट्याची भूमिका अजून कोणी विचारलेली नाही. ती दोन्ही बाजूंना परवडणारी नाही. धरण शंभर टक्के भरले की काठ बाभळींत शिरतो आणि उभे राहायला जागा उरत नाही; धरण तळाला गेले की गाळ वाळून भेगाळतो आणि खायला काही उरत नाही. १०२ टीएमसीपैकी शेकाट्याला उपयोगाचे पाणी म्हणजे कडेचे वीतभर. ते कोणत्याही सूत्रात बसत नाही आणि दोन्ही प्रदेशांच्या हिशेबात बाष्पीभवनाच्या खाती जाते.

मोठ्या धरणांवर मात्र हा पक्षी अवलंबून नाही. पाझर तलाव, फुटलेली चारी, नुकतेच पाणी भरलेले शेत, गावाबाहेरचे सांडपाण्याचे डबके, यांतले काहीही त्याला चालते. पाटबंधारे खाते जिला गळती म्हणते, तो त्याचा अधिवास असतो. सहकारी साखर कारखानदारीचा पहिला यशस्वी प्रयोग १९५० मध्ये प्रवरानगरला झाला. त्यानंतर जिल्ह्यात कारखाने वाढले, ऊस वाढला, उसाला लागणारे पाणी वाढले आणि त्या पाण्याची डबकीही वाढली. सहकाराच्या लाभार्थींची यादी पुष्कळ मोठी आहे; तीत शेकाट्याचे नाव राहून गेले आहे, इतकेच.

आहार, आवाज आणि शेजार

पाण्यातले किडे, अळ्या, शिंपल्या-गोगलगायी आणि बारीकसारीक जीव हे त्याचे खाणे. चिखलात चोच खुपसून उकरण्याचा त्याला सोस नाही. वरवर जे दिसते ते टिपायचे आणि पुढे पाऊल टाकायचे. पाऊल टाकताना तो पाय पूर्ण पाण्याबाहेर काढतो, क्षणभर विचार करतो असे वाटते, आणि मग ठेवतो. कोरड्या जमिनीवरचा दाणा किंवा किडा टिपायचा झाला तर वीतभर पायांवरून सगळे शरीर पुढे कलंडवावे लागते. पाण्यात रुबाबदार दिसणारा हा पक्षी त्या वेळी खिशातून पडलेले नाणे शोधणाऱ्या गृहस्थांइतका अडचणीत येतो.

आवाज ‘किक्-किक्-किक्’ असा, तीक्ष्ण आणि न थांबणारा. धोका दिसताच एक सुरू करतो, बाकीचे लगेच साथ देतात. धोका म्हणजे काय, याची त्यांची व्याख्या उदार आहे. तीत घार, कुत्रे, मोटारसायकल आणि पाठीवर पिशवी असलेला कोणीही माणूस येतो. काठावर टिटवी असेल तर ती या कामात पुढाकार घेते. दोघांनी मिळून एकदा बोंब ठोकली की मैलभर परिसरातल्या पक्ष्यांना पाहुणे आल्याची वर्दी पोचते.

थंडीत या काठांवर बरीच दाटी होते. तुतवार, चिखल्ये, टिलवे हे सारे उत्तरेकडून येतात. छोटा टिलवा तर पंचवीस ग्रॅमच्या आसपास वजनाचा. सैबेरियाच्या उत्तर टोकाकडून निघतो आणि शेवगाव तालुक्यात उतरतो. यांच्याबाबत अडचण एवढीच की थंडीत ते जवळजवळ सगळे तपकिरी-राखाडी असतात. कोणता कोण, हे ठरवताना दोन अनुभवी निरीक्षकांची वर्षानुवर्षांची मैत्री तुटायची वेळ येते. शेकाट्या ओळखायला पुस्तक लागत नाही. त्यामुळे नवखा निरीक्षक त्याच्यावर खूश असतो आणि जुना निरीक्षक त्याच्याकडे दुर्बीणही वळवत नाही. दुर्मीळ टिलव्याच्या शोधात दुर्बीण काठावरून फिरवताना मध्ये येणारा पक्षी, ही शेकाट्याची जाणत्यांमधली प्रतिष्ठा आहे.

वीण

वीण साधारण एप्रिल ते ऑगस्टच्या दरम्यान होते. घरटे जमिनीवरच, पाण्याच्या कडेला किंवा पाण्यातल्या उंचवट्यावर. चार काटक्या, थोडा चिखल, एक खळगा. अंडी बहुधा चार, मातीच्या रंगाची, काळ्या ठिपक्यांची. नर आणि मादी दोघे आळीपाळीने ती उबवतात. उबवायला बसणे हे वीतभर पायांच्या पक्ष्याला सोपे नाही. आधी घोटे वाकतात, मग सगळा डोलारा हळूहळू खाली येतो आणि उरलेले पाय शेपटीच्या मागे पसरून राहतात. अंथरूण पाहून पाय पसरावेत हा नियम येथे लागू होत नाही. अंथरूण खळग्याएवढे आणि पाय त्याच्या बाहेर.

मे महिन्यात नगरच्या उन्हात अंडी उबवण्यापेक्षा ती शिजू न देणे हे मुख्य काम असते. शेकाट्या पाण्यात जाऊन पोटाची पिसे भिजवतो आणि तसाच ओला येऊन अंड्यांवर बसतो. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारण्याची युक्ती माणसाला सुचण्याच्या फार आधीपासून ही व्यवस्था चालू आहे. साधारण साडेतीन आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात आणि पिसे सुकली की लगेच चालू लागतात. शत्रू जवळ आला तर आई किंवा बाप लंगडत, पंख ओढत, मोडल्याचे सोंग घेऊन त्याला भलतीकडे नेतो. अभिनय उत्तम असतो. धोका टळला की जखमी पक्षी टुणकन उडतो.

हे सोंग पाहायला मिळाले म्हणून आनंदणारा छायाचित्रकार घरट्याच्या फार जवळ आलेला असतो, हे त्याच्या लक्षात यायला हवे. जितका वेळ पालक नाटक करतात, तितका वेळ अंडी उन्हात असतात. म्हणून विणीच्या काळात घरट्याकडे पाठ करून परत जाणे हेच उत्तम छायाचित्रण समजावे.

निरीक्षण

निरीक्षणाला दुर्बीण, वही आणि सहनशक्ती लागते. दुर्बीण आणि वही विकत मिळते.

जायकवाडीचे पाणी मागे सरकले की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते. हरभरा, गहू, ज्वारी, जे हाती लागेल ते पेरले जाते. भोई जाळी टाकतात, धनगर मेंढरे आणतात, म्हशी डुंबतात. शेकाट्या या सगळ्यांत निवांत फिरत असतो. शेतकऱ्याकडे तो लक्ष देत नाही. म्हशीला तर तो वाहन समजत असावा. मात्र शहरातून आलेला, मातकट रंगाचे खास कपडे घातलेला माणूस दूरवर दिसला की तो पलीकडच्या काठावर जातो. कपड्यांचा रंग जमिनीत मिसळावा म्हणून निवडलेला असतो. जमिनीवर इतका स्वच्छ माणूस दुसरा नसतो, हे पक्ष्याला कळते.

तिवई मांडली की पक्षी जातात आणि माणसे येतात. धरणाखाली जमिनी गेलेल्या गावांत तीन पायांचे यंत्र रोवून बघत बसलेल्या माणसाचा अर्थ एकच होतो.

“काय सायेब, मोजणी हाय का?”

“नाही हो काका, पक्षी बघतोय.”

“मंग रोड निघणार आसंल इथून.”

“नाही, नाही. ते शेकाटे बघायला आलोय.”

“कशाला?”

पक्षिनिरीक्षणाच्या सर्व साहित्यात या शेवटच्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आढळत नाही. तेवढ्यात दुसरा कोणी येतो आणि फोटोचे किती पैसे मिळतात ते विचारतो. मिळत नाहीत, उलट जातात, हे ऐकल्यावर दोघेही सहानुभूतीने चहाला बोलावतात. चहा घ्यावा. कोणत्या डबक्यात सकाळी पाखरे बसतात, हे चहाबरोबर जितके नेमके कळते तितके कुठल्याही नकाशावरून कळत नाही.

वेळेचा प्रश्नही लहान नाही. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिन आणि १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. दोघांनाही साजेसा मान आहे. अडचण एवढीच की पावसाळा चांगला झाला असेल तर त्या आठवड्यात धरणे काठोकाठ भरलेली असतात आणि शेकाटे डबक्यांवर विखुरलेले असतात. भाषणांना गर्दी होते, काठावर होत नाही. डिसेंबर-जानेवारीपासून पाणी उतरू लागते आणि खरा हंगाम सुरू होतो. आशियाभर १९८७ पासून पाणपक्ष्यांची गणना होते तीही जानेवारीत. गणनेत शेकाटे मोजणे ही स्वतंत्र विद्या आहे. शंभरापर्यंत मोजून होते, तेव्हा एक टिटवी ओरडते, सगळा थवा उडतो, एक गिरकी घेतो आणि मोजलेले व न मोजलेले एकत्र मिसळून उतरतात.

छायाचित्रण

शेकाट्याचे छायाचित्र घेण्यासाठी ४०० ते ६०० मिलिमीटरची लेन्स वापरतात. ती पक्ष्याच्या दहा-पंधरापट वजनाची असते. किंमत सांगण्याची प्रथा नाही, विशेषतः घरी.

पहिली अडचण रंगांची. पाठ पूर्ण काळी, पोट पूर्ण पांढरे, खाली चकाकणारे पाणी. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक पांढऱ्याकडे पाहून चित्र काळपट करतो, काळ्याकडे पाहून पांढरे उडवून टाकतो, आणि दोन्ही वेळा आपले काम चोख केल्याच्या समाधानात असतो. यावर उपाय म्हणजे पोटाच्या पांढऱ्यावर लक्ष ठेवून प्रकाश कमी धरणे आणि सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात, सूर्य पाठीशी घेऊन, काम उरकणे. दहानंतर पाण्यावरून गरम हवा थरथरू लागते आणि पक्षी वितळल्यासारखा येतो. उडताना टिपायचा तर सेकंदाच्या दोनहजाराव्या भागाइतका वेग लागतो.

दुसरी अडचण पायांची. चित्रात चेहरा मोठा यावा म्हणून जवळ घ्यावे तर पाय कापले जातात. पाय पूर्ण यावेत म्हणून मागे घ्यावे तर पक्षी खालच्या पायांना जोडलेला ठिपका होतो. पाणी स्थिर असेल तर प्रतिबिंब पडते आणि वीतभर पायांच्या दोन विती होतात. आडवी चौकट धरणाऱ्याच्या हाती प्रतिबिंबाचे डोके लागत नाही. उभी धरणाऱ्याच्या चौकटीतून पक्षी दुसऱ्या पावलाला बाहेर पडतो. शेकाट्याचे पाय कापलेले छायाचित्र हे जाणकारांत अक्षम्य समजले जाते. बाकी सगळे चुकले तरी चालेल, पाय पाहिजेत. पक्ष्याजवळ दाखवण्यासारखे दुसरे फारसे नाही.

तिसरी अडचण उंचीची. उभे राहून वरून घेतलेल्या चित्रात पक्षी चिखलावर चिकटवलेला दिसतो. त्याचा डोळा पाण्यापासून फुटभर वर असतो. लेन्सही तिथेच यायला हवी. म्हणून छायाचित्रकार गाळात आडवा होतो. दोनशे ग्रॅमचा पक्षी तीन बोटांवर ज्या गाळावरून डौलाने चालतो, त्याच गाळात ऐंशी किलोचा माणूस दोन कोपर आणि दोन गुडघ्यांवर रुतत जातो. येथे शरीररचनेतला फरक ठळक होतो. शेकाट्याचा गुडघा दिसत नाही. माणसाचा जिथे दिसतो तिथेच असतो, आणि चाळिशीनंतर तो आपण आहोत हे स्वतःहून कळवतो. लेन्सखाली ठेवायला ज्वारी किंवा हरभरे भरलेली पिशवी नेतात. लेन्स तीवर स्थिर राहते. पिशवीत काय आहे, हे मेंढपाळाच्या शेळ्यांना कळेपर्यंत ती पिशवीही स्थिर राहते.

चिखल टाळण्यासाठी काहीजण भोयांच्या नावेतून जातात. उजनीच्या फुगवट्यावर ही सोय चांगली आहे आणि नावाड्याला पक्ष्यांची माहितीही असते. पण नावेला तरंगायला काही खोली लागते. पाणी वीतभर उरले की नाव तळाला टेकते, आणि शेकाट्यांची हद्द बरोबर तिथून सुरू होते. गाडीतूनच छायाचित्रे घेणे हा आणखी एक मार्ग. पायी माणसापेक्षा उभ्या गाडीला पक्षी कमी बुजतात. दार उघडायचे नाही, एवढीच अट. ती कोणाच्याने पाळली जात नाही.

सकाळभरात शेकड्यांनी चित्रे निघतात, कारण हल्लीचा कॅमेरा सेकंदाला वीस चित्रे घेतो आणि शेकाट्या त्या सेकंदात काहीच करत नाही. घरी संगणकावर ती निवडायला बसावे लागते. वीसही चित्रे तंतोतंत सारखी असतात. त्यांतली एकोणीस काढून टाकणे हे छायाचित्रकलेचे सर्वांत कठीण अंग असून, बहुतेकजण त्याऐवजी नवी हार्ड डिस्क घेतात.

संवर्धन

पाणपक्ष्यांच्या जागा संपत चालल्या आहेत, ही तक्रार सगळीकडे आहे. नगरमध्ये तिचे स्वरूप जरा वेगळे आहे. येथे पाण्याची नवी ठिकाणे झपाट्याने वाढली. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि माळरानांवर निळी-काळी तळी दिसू लागली. पण शेततळ्याच्या बाजू तिरक्या, आत प्लास्टिकचे अस्तर, आणि खोली माणूस बुडेल इतकी. ना चिखल, ना किडे, ना उभे राहायला कड. शेततळे मागेल त्याला मिळते. शेकाट्याने ते मागितलेले नव्हते. २०१७ च्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावांतला गाळ उपसून शेतांत नेला जातो. शेताला तो हवाच असतो आणि तलावात पाणीही वाढते. मात्र उपसलेल्या तलावाचा काठ खडा होतो आणि घोटाभर पाण्याची पट्टी नाहीशी होते. दुष्काळी जिल्ह्याने पाणी खोल साठवावे, हे योग्यच आहे. तलावाची एक बाजू उतरती, उथळ ठेवली तर मात्र दोघांचेही भागते. त्याला निधी लागत नाही, जेसीबीवाल्याला एक सूचना लागते.

असे असूनही शेकाट्या टिकून आहे, कारण गळती, डबकी आणि सांडपाणी यांची जिल्ह्यात टंचाई नाही आणि त्यांना मंजुरीही लागत नाही. जगभरच्या पक्ष्यांची धोक्यानुसार प्रतवारी करणाऱ्या लाल यादीत त्याची नोंद सर्वांत कमी काळजीच्या गटात आहे. पाण्यावर जगत असूनही काळजी नसलेला नगर जिल्ह्यातला बहुधा तो एकटाच रहिवासी असावा.